खेळण्यांचा हंगाम आणि आयएसआयचा शिक्का

उरुस, जत्रा आणि नाताळ हा खेळण्यांच्या विक्रीचा मोसम. इस्लामपूरला संभूआप्पा-बुवाफन उरुसात पूर्वी लाकडी गाड्या, भिंगऱ्या, कापडी बाहुल्या खपत. पुढे प्लॅस्टिक आले, पाठोपाठ सेलवर चालणारा स्वस्त चिनी माल आला आणि कारागिराचा हात थांबला.

२०२० साली सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. हा नियम कापडी बाहुलीलाही लागू आहे. शिक्का नसलेला माल दुकानातूनही जप्त होतो. मात्र केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे.

आम्हा कापडवाल्यांकडे कटपीस पडून असतात, शिंप्यांकडे चिंध्यांचे ढीग. त्यातून बाहुल्या, हत्ती-घोडे सहज होतात. पण शिवणाऱ्याने आधी ‘पहचान’ ओळखपत्र काढावे, मगच मशीनला हात लावावा. दुकानदार बांधवांनी शिक्का पाहून, पक्के बिल घेऊनच माल भरावा. चार पैसे वाचवायला जाऊन सारा हंगाम गमावणे परवडणारे नाही.