व्हॉल्व्ह वेळेआधी का उघडतो?

कोल्हापूरची शाहूपुरी पेठ १८९५ मध्ये वसली ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढे त्या गुळाच्या उसाला पंचगंगेचं पाणी चढवलं ते डिझेलच्या पंपांनी. कोल्हापूरकडे या पंपाच्या यंत्राला आजही ‘ऑईल इंजिन’च म्हणतात. ते घडवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं कसब शाहूपुरीजवळच्या शिवाजी उद्यमनगरानं जोपासलं. त्यातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग.

फोर-स्ट्रोक इंजिन हवा ओढतं, ती दाबतं, जळत्या वायूच्या जोरावर पिस्टन खाली रेटतं आणि धूर बाहेर टाकतं. तेवढ्यात क्रँक दोन फेरे घेतो, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकच. म्हणून कॅमच्या गिअरला दुप्पट दाते. पुस्तकातल्या आकृतीत पिस्टन वरच्या टोकाला आला की इनलेट व्हॉल्व्ह उघडतो, तळाला गेला की मिटतो. तसं इंजिन बनवलं तर चालेल, पण ताकद कमी देईल.

किर्लोस्करांचं टीव्ही-१ घ्या. एका सिलिंडरचं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं हे इंजिन अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळेत दिसतं. त्याचा इनलेट पिस्टन वर पोचण्याच्या ४.५ अंश आधी उघडतो आणि तळ गाठून ३५.५ अंश उलटल्यावर मिटतो. म्हणजे क्रँकच्या फेऱ्यातले १८० ऐवजी २२० अंश उघडा! कारण हवेलाही वजन असतं. नळीतून वेगानं येणारी हवा पिस्टन वर वळला तरी लगेच थांबत नाही. आणखी थोडी आत घुसते. ती फुकट मिळालेली हवा का सोडायची?

एक्झॉस्ट तर तळाच्या ३५.५ अंश आधीच उघडतो. उरलेला थोडा जोर वाया जातो खरा, पण दाबाखालचा धूर आपणहून निसटतो आणि पिस्टनला तो ढकलत बसावं लागत नाही. शिवारात दुरून ऐकू येणारी धडधड ती हीच, सेकंदाला साडेबारा वेळा. वरच्या टोकाला दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी ९ अंश उघडे असतात. या वेगाला ९ अंश म्हणजे बरोबर एक मिलिसेकंद. मला या आकड्याचं अजूनही नवल वाटतं.

हे गणित एका वेगापुरतंच जमतं. हँडल मारून इंजिन हळू फिरवताना उशिरा मिटणारा इनलेट आत आलेली हवा परत बाहेर जाऊ देतो. पंपाचं इंजिन एकाच वेगानं चालतं, म्हणून तिथे निभावतं. कोल्हापूरच्या पोरांना वेड असलेल्या रेसिंगच्या गाड्यांत व्हॉल्व्ह आणखी जास्त वेळ उघडे ठेवतात. अशी गाडी उभी असताना अडखळत गुरगुरते. होंडानं १९८९ मध्ये यावर उपाय आणला: हळू वेगाला एक कॅम, जास्त वेगाला दुसरा.

गिअरच्या खुणा जुळवल्या तरी टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवणं, राहतंच. फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि टकटक सुरू होते. कमी झाली तर त्याहून वाईट. तापून लांबलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि कड जळते. म्हणून मिस्त्री दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना फटीत फिलर गेजची पट्टी घालतो आणि ती जराशी अडत सरकली की मगच लॉकनट आवळतो.