शानिदारची फुले आणली कोणी?

निअँडरथल माणसाने आपल्या मृताला फुलांच्या अंथरुणावर निजवले, ही गोष्ट इतकी रुजली आहे की ती सिद्धच झाली असे अनेकजण धरून चालतात. तिचा आधार इराकी कुर्दिस्तानातील शानिदार गुहा. तिथे १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांच्या उत्खननात ‘शानिदार ४’ हा सांगाडा मिळाला आणि त्याच्या भोवतीच्या मातीत परागतज्ज्ञ आर्लेट लेरुआ-गुर्हान यांना परागकणांचे पुंजके दिसले. सुटे कण वारा कुठेही नेतो, पण पुंजका वाऱ्यावर सहसा येत नाही. म्हणजे फुलेच आत आली असणार, हा त्यांचा तर्क वाजवी होता. घसरण झाली ती पुढच्या पायरीवर. फुले आत आली म्हणून ती माणसानेच आणली, असे ठरत नाही.

फुले बिळात साठवणारे उंदीरवर्गीय प्राणी त्या भागात आहेत, आणि सांगाड्याजवळ बिळे होती. जेफ्री सॉमर यांनी १९९९ मध्ये नेमके याकडे बोट दाखवले. पुढे २०२३ मध्ये ख्रिस हंट आणि सहकाऱ्यांनी त्या पुंजक्यांचा पुरावा पुन्हा तपासला. काही पुंजक्यांत एकाहून अधिक जातींचे पराग एकत्र चिकटलेले होते, शिवाय त्यांतली काही झाडे वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी. एकाच दिवशी वाहिलेल्या फुलांशी हे जुळत नाही. जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्या मात्र असा मिश्र पराग आणून साठवतात.

फुले काढून घेतली की निअँडरथलांची माणुसकीच हिरावली जाते, असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही, कारण खरा पुरावा हाडांचा आहे. त्याच जागी अनेक मृतदेह एकमेकांलगत सापडले. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘शानिदार झेड’ या सांगाड्याचा डावा हात डोक्याखाली दुमडलेला होता. त्या जागी माणसे पुन्हापुन्हा येत राहिली असावीत, ही शक्यता फुलांहून कितीतरी वजनदार आहे.

मग कबरीत फुले वाहिली जात, ही कल्पनाच कुचकामी का? मुळीच नाही, फक्त तिला परागापलीकडचा साक्षीदार हवा. इस्रायलमधील कार्मेल डोंगरातल्या राकेफेत गुहेत नटूफियन संस्कृतीच्या लोकांनी साधारण १३,७०० ते ११,७०० वर्षांपूर्वी काही कबरींच्या खड्ड्यांना आतून चिखल लिंपला होता. त्या ओल्या चिखलात देठांचे आणि फुलांचे ठसे उमटले, सुकले आणि टिकले. सेज आणि पुदिन्याच्या कुळातली ती झाडे मृतदेह ठेवण्याआधीच अंथरली गेली होती. लिंपण ओले असतानाच तिथे फुले घातली गेली, हे इथे मातीच सांगते.