यादी कोणाची, मत कोणाचे?

महादेवपुरा हे नाव ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर गाजले ते मतदारयादीमुळे. बंगळूरु मध्य लोकसभा मतदारसंघातील या विधानसभा क्षेत्रात लाखाहून अधिक मते बनावट असल्याचा आरोप राहुल गांधी यांनी केला. निवडणूक आयोगाने तो अमान्य केला. नोकरीनिमित्त या भागात स्थिरावलेल्या मराठी मंडळींनीही तेव्हा यादीतले आपले नाव तपासून पाहिले असेल. मतदार कोण, हे ठरले की निकालाची दिशा बरीचशी ठरते. संगीतातील मानसन्मानांचे राजकारण याहून फारसे वेगळे नाही.

बंगळूरुचेच संगीतकार रिकी केज यांचे उदाहरण घ्या. २०१५, २०२२ आणि २०२३ अशी तीन ग्रॅमी पारितोषिके, शिवाय २०२५ ची पद्मश्री. कलावंत एक, निवडीच्या वाटा मात्र दोन.

ग्रॅमीसाठी प्रवेशिका पाठवतात त्या ध्वनिमुद्रण कंपन्या किंवा अमेरिकेतील रेकॉर्डिंग अकादमीचे सभासद. छाननीत दर्जा पाहिला जात नाही. प्रवेशिका पात्र आहे काय व कोणत्या गटात बसते, एवढेच ठरते. मग गायक, वादक, ध्वनितंत्रज्ञ अशा व्यावसायिक सभासदांच्या मतदानाच्या दोन फेऱ्या होतात: पहिलीत नामांकने, दुसरीत विजेता. अर्थात हा लोकशाही थाटही निर्मळ नव्हता. अनेक गटांत नामांकनाची अंतिम यादी निनावी समित्या ठरवीत. २०२० च्या नोव्हेंबरात ‘द वीकेंड’ या लोकप्रिय गायकाला एकही नामांकन मिळाले नाही, गदारोळ उठला आणि २०२१ मध्ये त्या समित्या बहुतांश गटांतून मोडीत निघाल्या.

आपल्याकडे मतदानच नाही. पद्म पुरस्कारांसाठी पंतप्रधान दरवर्षी समिती नेमतात. कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर हे सदस्य. (डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळता सरकारी नोकर या सन्मानास पात्र नाहीत, ही गोष्ट आमच्या अधिकारी वाचकांना ठाऊक असेलच.) भारतरत्नला तर समितीचीही गरज नाही. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींकडे शिफारस करावी, इतकेच पुरे.

पंडित भीमसेन जोशी यांचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. जन्म गदगकडचा, कर्मभूमी पुणे. १९७२ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये पद्मभूषण, १९९९ मध्ये पद्मविभूषण आणि २००८ च्या नोव्हेंबरात भारतरत्नची घोषणा. सवाई गंधर्व महोत्सव त्यांनी १९५३ मध्येच सुरू केला होता; श्रोत्यांचा कौल केव्हाच लागला होता. तो राजधानीच्या फायलीवर उमटण्यास एवढी दशके का लागली, याचे उत्तर कोणत्याही मतपेटीत सापडणार नाही.

आता पद्मसाठी कोणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो. महादेवपुऱ्यातील मराठी श्रोताही. मात्र समितीत कोणाचे नाव कशामुळे मागे पडले, हे जाहीर होत नाही.