क्रुसापाशी कोसळलेली आई

योहानाच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे की येशूची आई मरिया क्रुसापाशी उभी होती. ती रडली का, तिने हंबरडा फोडला का, याबद्दल एक अक्षर नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय चित्रकारांनी मात्र ही आई पुन्हापुन्हा शुद्ध हरपून कोसळताना रंगवली. तीही कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी नव्हे, तर चर्चच्या वेदीमागे, जिथे मिस्सा म्हणणारा धर्मगुरू पवित्र भाकर उंचावतो त्या जागी.

आपला मुलगा तिसऱ्या दिवशी उठणार यावर जिचा विश्वास आहे, तिने कोसळावं का? हा प्रश्न त्या काळी खरोखरच विचारला गेला. मरियेच्या मूर्च्छेचा स्वतंत्र सण असावा अशी मागणी होत होती. धर्मपंडित काजेतान याने १५०६ मध्ये त्यावर एक छोटा ग्रंथ लिहून ती अमान्य केली. शास्त्र म्हणतं ती उभी होती, आणि बेशुद्धी हे शरीराचं दुबळेपण, ते तिला शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. युक्तिवाद म्हणून हे भक्कम आहे. तरीही त्या काळची वेदीचित्रं पाहताना मला चित्रकारांचं म्हणणं अधिक खरं वाटतं.

या चित्रांमध्ये अग्रमान रोखिर व्हान डेर वेडनच्या ‘क्रुसावरून उतरवताना’ या चित्राचा. १४३५ च्या सुमाराचं हे चित्र लूव्हनच्या तिरंदाजांच्या संघाने आपल्या चॅपेलसाठी करवून घेतलं; वरच्या कोपऱ्यांतल्या नक्षीत इवलीशी धनुष्यं टांगलेली दिसतात. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. सोनेरी भिंतीपुढच्या उथळ जागेत दहा माणसं अक्षरशः कोंबली आहेत. दुःखाला बाजूला सरायला जागाच नाही. ख्रिस्ताचा देह ज्या बाकाने खाली येतो, नेमक्या त्याच बाकाने निळ्या वस्त्रातली मरिया खाली कोसळते. मुलाचा लोंबणारा हात आणि आईचा लोंबणारा हात शेजारीशेजारी येतात. त्याच्या मरणात ती देहानिशी सहभागी आहे, असं इथे चित्रच म्हणतं. गालांवरून ओघळणारे अश्रू रोखिरने एकेक करून रंगवले आहेत, त्यांवर उजेडाचा ठिपकासुद्धा ठेवला आहे. इतक्या मायेने अश्रू रंगवणारा माणूस त्यांना श्रद्धेतली उणीव मानत असेल, असं मला वाटत नाही.

काजेतानच्या ग्रंथानंतर वर्षभरातच, १५०७ मध्ये, चोविशीतल्या राफाएलने पेरुजा शहरातल्या सान फ्रांचेस्को चर्चसाठी ख्रिस्ताला कबरीकडे नेतानाचं चित्र पूर्ण केलं. करवून घेणारी होती अतालांता बाल्योनी. १५०० साली तिच्या मुलाने, ग्रिफोनेत्तोने, सत्तेच्या भांडणात आपल्याच भाऊबंदांची कत्तल घडवली. आईने त्याला दाराबाहेर केलं. मग सूड म्हणून तोही भर रस्त्यात मारला गेला, तेव्हा मात्र ती धावत गेली आणि मरताना त्याच्याकडून मारेकऱ्यांसाठी क्षमा वदवून घेतली, असं तिथला बखरकार सांगतो. चित्रात देह वाहून नेणाऱ्यांची ओढाताण डावीकडे, आणि उजवीकडे बायकांच्या हातांत मरिया कोसळलेली. अतालांतापुढे उभी राहणारी मरिया ठेवण्याची छाती कोणत्या चित्रकाराला झाली असती? चित्राखालच्या पट्टीत राफाएलने श्रद्धा, प्रीती आणि आशा या तिघींना बसवलं. म्हणजे श्रद्धा चित्राच्या पायाशी आहे. वरचं रडणं थांबवायला ती येत नाही. १६०८ मध्ये मुख्य चित्र रातोरात रोमला, पोपच्या भाच्याकडे, बोर्गेझे संग्रहात गेलं. खालची पट्टी आज व्हॅटिकनमध्ये आहे.

आल्सेसमधल्या इझेनहाइमच्या मठातलं ग्र्यूनेवाल्डचं वेदीचित्र (१५१२ ते १५१६) आता कोल्मारला आहे. मठ संत अँथनीच्या पंथाचा. राय धान्यावरच्या बुरशीने होणाऱ्या रोगाचे रुग्ण तिथे येत. अंगाची आग होई, हातपाय काळे पडून झडत. त्यांच्यापुढचा ख्रिस्त हिरवट पडलेला, अंगभर काटे रुतलेला, बोटं वेडीवाकडी ताणलेली. पांढऱ्या वस्त्रातली मरिया शिष्य योहानाच्या हातांवर मागे कलंडली आहे. चित्राची दारं उघडली की आत पुनरुत्थान आहे: झळाळता देह, जखमांच्या खुणा तशाच. पण ही दारं रोज उघडी नसत. एरवी रुग्णांसमोर असायचा तो त्यांच्यासारखाच सडलेला देह. सांत्वन बंद दारामागे ठेवून आधी वेदना पूर्ण दाखवणं हा मला या वेदीतला सगळ्यात धीट निर्णय वाटतो.

फ्लॉरेन्सच्या सांता फेलिचिता चर्चमधलं पोंतोर्मोचं चित्र (१५२५ ते १५२८) आजही मूळ वेदीवरच आहे. त्यात क्रूस नाही, कबर नाही, धड जमीनही नाही. गुलाबी-निळ्या कपड्यांतली भांबावलेली माणसं देह कुठे न्यायचा ते उमगत नसल्यासारखी पाहतात, आणि मरिया मुलापासून मागे मागे कलते. देह जणू खाली वेदीवरच उतरवला जाणार आहे.

पुढे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनंतर, १५६३ पासून, मूर्च्छेबद्दलची नापसंती वाढत गेली. तित्सियानोने म्हातारपणी, व्हेनिसच्या फ्रारी चर्चमध्ये आपल्या कबरीवर लावण्यासाठी, जे ‘पिएता’ रंगवायला घेतलं, त्यातली मरिया ताठ बसून मांडीवरच्या मुलाकडे पाहते. आक्रोश करते ती येशूची अनुयायी मरिया मॅग्डालीन: हात उंचावून ती चित्राबाहेर, आपल्या अंगावर धावत येते. एकीकडून काढून घेतलेलं रडणं दुसरीला दिलं गेलं. उजव्या कोपऱ्यात, नवस फेडताना चर्चमध्ये टांगतात तशी एक छोटी पाटी रंगवली आहे. तिच्यावर तित्सियानो आणि मुलगा ओरात्सिओ मरियेपुढे गुडघे टेकून आहेत. शहरात प्लेग होता. २७ ऑगस्ट १५७६ रोजी तित्सियानो गेला, आणि थोड्याच दिवसांत ओरात्सिओही प्लेगने गेला. अपुरं चित्र चित्रकार धाकट्या पाल्माने पूर्ण केलं आणि तसं त्यावर लिहूनही ठेवलं. तित्सियानोला फ्रारीतच पुरलं. चित्र मात्र त्या कबरीवर कधी लागलं नाही. ते आज व्हेनिसच्याच अकादेमिया संग्रहालयात आहे.