डॉक्टर बदलणे आणि उपचार सोडणे

आपल्याकडे डॉक्टर एकदा धरला की सोडायचा नाही, अशी एक समजूत आहे. वाण्याचे दुकान आपण बदलतो, मुलांची शिकवणी बदलतो. पण डॉक्टरांपुढे "आणखी एकाचे मत घ्यायचे आहे" असे म्हणणे उपकार विसरल्यासारखे वाटते. साध्या तापात याने फारसे बिघडत नाही. कर्करोगात बिघडते. आमच्या मुळशीच्या खेड्यांतून मी जे पाहिले ते असे, की डॉक्टरांशी पटले नाही तर माणसे डॉक्टर बदलत नाहीत. ती मुकाट्याने उपचारच सोडून घरी बसतात.

माझ्या आत्याचेही तेच होऊ घातले होते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पुण्यातल्या एका रुग्णालयात तिची केमोथेरपी सुरू झाली. पहिली चार सलाइने कशीबशी पार पडली. मग पॅक्लिटॅक्सेल हे दुसरे औषध सुरू झाले आणि दुसऱ्या खेपेपासून तिच्या हातापायांची बोटे बधिर होऊ लागली. या औषधाने मज्जातंतूंना इजा होते, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. पण भातलावणी करणाऱ्या बाईची बोटे बधिर होणे ही काही लहान गोष्ट नव्हे. चिखलात रोप टेकले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांनाच कळते. एकदा विळीवर बोट कापले, तेही तिला रक्त दिसल्यावर समजले. हे सांगितले तेव्हा डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता "हे होतंच" एवढेच म्हटले. आत्या घरी येऊन म्हणाली, "मला न्हाई जायाचं आता. गाठ काढली न्हवं? मग झालं."

आठांपैकी दोन सलाइने उरली होती. तिची समजूत घालण्यात आठ दिवस गेले आणि अखेर ती दुसऱ्या रुग्णालयात यायला तयार झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मावशी, तुम्ही काम काय करता?" मग तिला पोलक्याचे बटण लावून दाखवायला सांगितले. बटण लागेना, हे त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. त्यांनी सांगितले, की हा उपचार दुखणे नुसते लांबवण्यासाठी नसून ते बरे करण्यासाठी चालला आहे, म्हणून उरलेला भाग एकदम टाकून देणे बरे नव्हे. पण मात्रा कमी करता येईल. तशी ती कमी केली. दोन्ही सलाइने झाली. बोटांचा बधिरपणा पुरता गेला नाही, पण वाढलाही नाही.

केमोथेरपीची मात्रा रुग्णाची उंची आणि वजन यांवरून काढतात. पण ती सुरुवातीची मात्रा. पुढे रक्ततपासणी आणि होणारा त्रास पाहून ती कमी करणे, औषध पुढे ढकलणे किंवा बदलणे, हे सारे त्या शास्त्रातच बसते. तेव्हा रुग्णाने त्रास सांगणे म्हणजे डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ नव्हे. त्यावाचून डॉक्टरांना पुढची मात्रा ठरवताच येत नाही. फार कशाला, ज्याला एके काळी शास्त्र म्हणत तेही बदलते. अमेरिकेतील शल्यविशारद हॉल्स्टेड यांच्या काळापासून स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढून टाकण्याची रीत होती. १९७१ साली बर्नार्ड फिशर यांनी या रीतीची कमी कापाकापीच्या उपचारांशी रीतसर तुलना सुरू केली, आणि एवढे कापून आयुष्य वाढत नाही असे दिसून आले. तोवर किती स्त्रियांचे हात कायमचे सुजले असतील!

आता व्यवहाराकडे वळू. डॉक्टर बदलायचा तर कागद हातात हवेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्कही नमूद आहे. नुसता रिपोर्ट पुरत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा, म्हणजे नव्या ठिकाणी तपासणी पुन्हा करता येते. कोणते औषध किती दिले याचा तक्ता तर हवाच हवा. डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल रंगाचे औषध असते. ते हृदयाला अपाय करू शकते आणि जन्मभरात मिळून किती द्यावे याला मर्यादा आहे. आधी किती गेले हे नव्या डॉक्टरांना कळले नाही, तर तो अंधारातला कारभार होईल.

बदल करायचा तो दोन सलाइनांच्या मधल्या दिवसांत करावा. किरणोपचार अर्ध्यावर आले असता मात्र यंत्र आणि आखणी दोन्ही बदलावी लागतात आणि मध्ये खंड पडल्यास गुण कमी येतो. तिथे शक्यतो थांबावे. आणि डॉक्टर गोड बोलतो एवढ्यावर भुलू नये. "केमोबिमो काही नको, माझ्या पुडीने खात्रीने बरे करतो" असे म्हणणारेही फार गोड बोलतात.

दुसरे मत पहिल्यापेक्षा वेगळेच निघेल असे नाही. शरद पवारांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला तेव्हा ते न्यूयॉर्कला गेले होते, आणि तिथल्या तज्ज्ञांनी त्यांना भारतातल्याच डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले; ही हकिकत त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. आपल्याला न्यूयॉर्कला जायचे कारण नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. मुळशीकरांना टाटा हे नाव माहीत आहे ते धरणामुळे आणि १९२१ च्या सत्याग्रहामुळे, म्हणजे फारशा गोडीने नव्हे! पण १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. अवघड रुग्णाचा विचार तिथे एकटा डॉक्टर करीत नाही. शल्यविशारद, औषधोपचार करणारे आणि किरणोपचार करणारे एकत्र बसून करतात. २०१२ साली देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांना जोडणारे नॅशनल कॅन्सर ग्रिडही उभे राहिले, आणि त्याचे मध्यवर्ती काम टाटा रुग्णालयाकडेच आहे.

राहिला वेदनेचा प्रश्न. पौडहून पुण्याकडे येताना चांदणी चौकातून हमरस्त्याला वळले की पुढे वारज्याला सिप्लाचे परिहार सेवा केंद्र लागते. १९९७ पासून ते चालू आहे आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. वेदना, उलट्या, जखमा, झोप न येणे यांवर तिथे उपचार होतात. घरच्या माणसालाही बरोबर राहता येते आणि रुग्णाची काळजी कशी घ्यायची हे त्याला शिकवतात. आमच्याकडे वारज्याला नेणे म्हणजे शेवटचे नेणे, असे लोक समजतात. तसे नाही. केमो चालू असतानाही तिथे जाता येते, आणि बरे वाटल्यावर पुष्कळ रुग्ण घरी परत येतात.