दहा हजार डॉलर्स आणि एका पानाचा हिशेब

सन २००७ मध्ये कॅथरिन वॉसरमन डेव्हिस या अमेरिकन विदुषींनी वयाची १०० वर्षे पूर्ण केली. त्या निमित्ताने त्यांनी १० लाख डॉलर्स बाजूला काढले आणि त्यांचे १०० समान भाग केले. प्रत्येकी १०,००० डॉलर्सचा हा भाग पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना द्यावयाचा होता. उन्हाळ्याच्या सुटीत जगात कोठेही जाऊन एखादे लोकोपयोगी काम उभे करावे, एवढीच अपेक्षा होती. युद्धाची सिद्धता जग करीतच असते, शांततेची सिद्धता तरुणांनी करावी, ही त्यामागील धारणा. म्हणूनच योजनेचे नाव ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’. २०१३ मध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी, कॅथरिनबाईंचे निधन झाले; योजना मात्र चालू राहिली.

हा पैसा आला कोठून, हे व्यापारी कुटुंबांना कळले पाहिजे. कॅथरिनबाई फिलाडेल्फियातील गालिच्यांचा कारखाना असलेल्या घराण्यातील. १९४७ च्या सुमारास त्यांचे पती शेल्बी कलम डेव्हिस यांनी विमा खात्यातील सरकारी नोकरी सोडली आणि पत्नीकडील ५०,००० डॉलर्स भांडवल घेऊन विमा कंपन्यांचे शेअर्स घेण्यास आरंभ केला. १९९४ मध्ये ते निवर्तले तेव्हा ही रक्कम सुमारे ९० कोटी डॉलर्सवर गेली होती. हिशेब मांडला तर दरसाल सुमारे २३ टक्के चक्रवाढ येते, आणि तीही ४७ वर्षे! घरातील राहणी मात्र काटकसरीची. नातवाने एका डॉलरचा खाऊ मागितला, तेव्हा आजोबांनी तो नाकारून, दर पाच वर्षांनी दुप्पट होणारा डॉलर ५० वर्षांत १,०२४ डॉलर्स होतो, हे गणित त्याला समजावले, अशी आठवण त्या कुटुंबात सांगितली जाते. (मुलाची भूक त्या गणिताने किती भागली असेल, हा प्रश्न वेगळा.) अशा घरातून निघालेला पैसा दानासाठी दिला गेला, तरी तो भांडवलाच्या शिस्तीनेच दिला गेला.

ती शिस्त अर्जातच दिसते. विद्यार्थ्याने दोन पानांत योजना मांडावयाची: काम कोणते, कोठे, कोणाबरोबर, आणि आपण परतल्यानंतर त्याचे काय होणार. सोबत एका पानाचे अंदाजपत्रक. विद्यापीठ किंवा कॉलेज आपल्या पातळीवर छाननी करून नाव सुचविते. काम संपल्यावर पुन्हा दोन पानांचा अहवाल आणि एका पानाचा जमाखर्च द्यावा लागतो, आणि हे अहवाल कोणालाही वाचता येतात. बँकेत अनेक वर्षे कर्जप्रकरणे तपासण्यात गेली असल्याने मला या पद्धतीचे विशेष अप्रूप वाटते. जाडजूड प्रकल्प अहवालात जे लपून राहते, ते एका पानाच्या अंदाजपत्रकात लपत नाही. प्रवासखर्चाचा आकडा मोठा आणि गावासाठीचा लहान असला, की अर्जदाराचा हेतू तिथेच उघडा पडतो.

येथे तारण नाही, जामीनदार नाही, परतफेडही नाही. २००७ च्या दराने चार लाखांहून अधिक रुपये विशीतल्या मुलामुलींच्या हाती सोपविले गेले. आपल्याकडील बहुतेक शिष्यवृत्त्या गुणपत्रिका पाहून शुल्कापुरत्या दिल्या जातात. त्या आवश्यकच आहेत. परंतु त्यातून विद्यार्थी पैसा घेण्यास शिकतो. तो दुसऱ्यासाठी खर्च करून त्याचा जाब देण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. पेढीवर बसलेल्या मुलाला आपण रोजमेळ लिहावयास लावतो तो याच कारणाने.

योजनेत उणीव नाही असे नाही. एक उन्हाळा म्हणजे फार थोडा अवधी. विहीर खोदता येते, वाचनालय उघडता येते, शिवणयंत्रे घेऊन प्रशिक्षण सुरू करता येते. पण पुढील वर्षी यंत्राची सुई मोडली, वाचनालयाचे भाडे थकले, तर पाहणारा विद्यार्थी हजारो मैलांवर परीक्षेला बसलेला असतो. जिथे स्थानिक शाळा, महिला मंडळ किंवा पंचायत आरंभापासून सहभागी असते, तिथेच काम टिकण्याची आशा धरावी, असे माझे मत आहे. केवळ उत्साहावर दिलेले कर्ज आणि केवळ उत्साहावर दिलेले अनुदान, दोन्हींची गत सारखीच होते. शिवाय, महागाई वाढत गेली तरी रक्कम बराच काळ दहा हजारच राहिली, ही बाब कोणत्याही बँकरला खटकेल.

या योजनेचा एक धागा महाराष्ट्रातही पोहोचतो. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. डेव्हिस कुटुंबातील पुढच्या पिढीने २००० साली जगभरातील अशा युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी अमेरिकेतील पदवीशिक्षणाला साहाय्य सुरू केले. आरंभी प्रिन्स्टन, वेलस्ली, मिडलबरी, कोल्बी आणि कॉलेज ऑफ द अटलांटिक अशा पाचच संस्था होत्या. पुढे ही संख्या पुष्कळ वाढली. या सहभागी संस्थांतील विद्यार्थ्यांना ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’साठी अर्ज करता येतो, आणि त्यासाठी युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्येच शिकलेले असावे अशी अट नाही. आपल्या घरातील कोणी तिकडे पदवीसाठी जात असेल, तर आपले कॉलेज या यादीत आहे का, हे त्याने प्रवेशानंतर लगेच विचारून घ्यावे. काम उन्हाळ्यात असले तरी कॉलेजांतर्गत निवड बहुधा हिवाळ्यातच उरकते, आणि दोन पानांची योजना लिहिण्यापूर्वी ज्या गावी काम करावयाचे तेथील माणसांशी पत्रव्यवहार झालेला असावा लागतो.