नुसती खाष्ट सासू नव्हे! येवल्याची अंबा 'ललिता पवार' कशी झाली?

2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामानंद सागर यांचं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं आणि लोकांच्या मोबाईलवर मंथरा अवतरली. वाकलेली पाठ, एक डोळा अर्धवट मिटलेला, कैकेयीच्या कानाशी लागलेली. तिचे मीम बनले. मराठी घरांत तर हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेलं होतं. सासू जरा कडक निघाली की 'अगदी ललिता पवार आहे' असं म्हणायची पद्धतच होती.

पण याच बाई एके काळी हिरोईन होत्या, सिनेमाच्या निर्मात्याही होत्या, हे फार कमी जणांना माहीत असतं.

त्या मूळच्या नाशिक जिल्ह्यातल्या. सातपूरहून त्र्यंबक रस्त्याने पश्चिमेला गेलं की त्र्यंबकेश्वर लागतं. 1870 साली दादासाहेब फाळके तिथंच जन्मले. त्याच सातपूरहून उलट दिशेला, नाशिक शहर ओलांडून निफाडमार्गे ऐंशी-नव्वद किलोमीटर गेलं की पैठणीचं येवला येतं. तिथं 18 एप्रिल 1916 रोजी लक्ष्मणराव शगुन यांच्या घरी एक मुलगी झाली. वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यवसाय. मुलीचं नाव ठेवलं अंबा. तिची आई अंबादेवीच्या देवळात गेलेली असतानाच कळा सुरू झाल्या, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

अंबाला शाळा फारशी मिळाली नाही. सिनेमा मात्र लहानपणीच भेटला. पुण्यात मूकपटांच्या कंपन्या होत्या, तिथं ती बालकलाकार म्हणून उभी राहिली. 1928 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तिने काम केलं. (फाळक्यांचा 1913 चा नव्हे. त्याच कथेवर नंतरही सिनेमे निघत होते.) तो काळ लक्षात घ्यायला हवा. फाळक्यांना पहिल्या सिनेमात तारामतीचं काम करायला बाई मिळाली नव्हती, पुरुषाला साडी नेसवावी लागली होती. त्याला जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

मोठी झाल्यावर अंबाची ललिता झाली, आणि ललिता थेट नायिका. 1932 चा 'कैलाश' हा मूकपट तिच्याच सहनिर्मितीतला. तेव्हा वय अवघं सोळा. 1938 मध्ये 'दुनिया क्या है' आला, त्याचीही निर्मिती तिची. कथा घेतली होती टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' कादंबरीवरून. 1935 च्या 'हिम्मत-ए-मर्दां'सारखे मारधाडीचे सिनेमे, भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' (1939), मास्टर विनायक यांचा 'अमृत' (1941). गाडी जोरात होती.

मग 1942 च्या सुमारास ती थप्पड बसली.

'जंग-ए-आझादी'चं शूटिंग सुरू होतं. प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. पुढे 'अलबेला'मुळे घराघरांत पोचलेले हेच ते भगवानदादा. हात जरा जोरात पडला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला अर्धांगवायू झाला. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस दुखावली की पापणी आणि ओठ नीट साथ देत नाहीत. उपचार सुमारे तीन वर्षं चालले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा लहान झाला.

सोशल मीडियावर गोष्ट इथंच संपते. 'एका थपडेने हिरोईनची व्हिलन झाली.' ऐकायला भारी वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे.

एक तर त्या घरी बसून राहिल्या नाहीत. 1944 मध्ये प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई मराठी माणसाला वेगळी सांगावी लागत नाही.

दुसरं म्हणजे वयाचं गणित. 1955 च्या 'मिस्टर अँड मिसेस 55'मध्ये त्या मधुबालाच्या कडक आत्या आहेत. त्याच वर्षीच्या 'श्री 420'मध्ये केळी विकणारी गंगामाई, राज कपूरला माया लावणारी. या दोन्ही वेळी ललिताबाईंचं वय होतं एकोणचाळीस, आणि राज कपूर त्यांच्याहून फक्त आठ वर्षांनी लहान. आता दुसरी बाजू बघा. अशोक कुमार हे ललिताबाईंपेक्षा पाच वर्षांनी मोठे. 1958 च्या 'हावडा ब्रिज'मध्ये ते सेहेचाळिशीत मधुबालाचे हिरो होते. म्हणजे हीच मधुबाला एका सिनेमात ललिताबाईंची भाची आणि दुसऱ्यात अशोक कुमारची नायिका. डोळ्याला काही झालं नसतं, तरी चाळिशीतल्या बाईला इंडस्ट्रीने कुठली भूमिका दिली असती, याचा अंदाज यावरून येतो.

छळणाऱ्या सासूचा शिक्का पक्का केला तो व्ही. शांताराम यांच्या 'दहेज'ने (1950). हुंड्यासाठी सुनेचा जीव नकोसा करणारी ही बाई लोकांना इतकी खरी वाटली की निर्माते पुन्हा पुन्हा तेच काम घेऊन दारात यायला लागले. बारीक झालेला डोळा, तिरकी मान, शब्द चावत बोलणं. चेहऱ्यातलं जे व्यंग होतं, तेच त्यांनी हत्यार म्हणून वापरलं.

मात्र हाच डोळा हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी'त (1959) वेगळा दिसतो. त्यातली मिसेस डिसा ही घरमालकीण तोंडाने फटकळ आहे, पण भाडेकरू राज कपूरवर तिचा लेकरासारखा जीव आहे. ती रागावते तेव्हा डोळा मिचकावल्यासारखा वाटतो, आणि रागच खोटा आहे हे आपल्याला आधी कळतं. या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मुखर्जींना ती इतकी आवडली असावी की 1971 च्या 'आनंद'मध्ये हॉस्पिटलची मेट्रन म्हणून पुन्हा ललिताबाईच आहेत, आणि नावही पुन्हा डिसाच.

'प्रोफेसर' (1962) तर चुकवू नये असा. घरातल्या मुलींवर करडी नजर ठेवणारी बाई म्हाताऱ्या मास्तरच्या वेषातल्या शम्मी कपूरवर भाळते. आरशासमोर नटणारी, लाजणारी ललिता पवार बघताना हसू येतं, आणि थोड्या वेळाने तिची दयाही येते. खाष्ट बाईलाही कुणीतरी हवंसं वाटू शकतं, हे त्या काळच्या सिनेमात फारसं दिसायचं नाही.

1961 मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. पुढची तीस वर्षं त्या काम करतच राहिल्या. 'रामायण' 1987 मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात औंधच्या घरी त्यांचं निधन झालं. पती हॉस्पिटलमध्ये होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. फोन उचलला जाईना म्हणून शोध घेतला, तेव्हा घरच्यांना कळलं.